‘अप्रकाशित’ची अट आली कुठून? कथास्पर्धा आणि छोट्या प्रकाशकांची पार्श्वभूमी

जून उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या लिहित्या मंडळींच्या फोनवर कथास्पर्धांची आवाहने फिरू लागतात. कुणाच्या दिवाळी अंकाची स्पर्धा असते, कुठे वाचनालयाचा वर्धापनदिन असतो, कुठे एखाद्या सेक्टरचे मराठी मंडळ असते. छोटे प्रकाशकही आता पावसाळ्यातच कथासंग्रहांची हस्तलिखिते मागवतात. जवळजवळ प्रत्येक नियमावलीत एक ओळ ठरलेली: ‘कथा स्वतंत्र व अप्रकाशित असावी.’ सध्या वाद आहे तो यातल्या ‘अप्रकाशित’ या शब्दावरून: फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या समूहात टाकलेली कथा अप्रकाशित मानायची की नाही?

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ‘सत्यकथा’ मासिकापर्यंतचा प्रवास वाचकांना माहीत आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच, की त्या काळात नव्या कथाकाराची गाठ थेट संपादकाशी पडायची. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात कथा लिहायची. सोबत स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडायचे. कथा पसंत पडली नाही तर तेच पाकीट ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी घेऊन दारात यायचे. चिठ्ठीखाली संपादकाने हाताने दोन ओळी लिहिल्या असतील तर लेखक ती वर्षानुवर्षे जपून ठेवायचा. एकच कथा एकाच वेळी दोन मासिकांना पाठवणे हा मोठा गुन्हा समजला जाई. पैसे मोजून अंक घेणाऱ्याला दुसरीकडे वाचलेली कथा पुन्हा मिळू नये, हा त्यामागचा सरळ व्यवहार होता. संपादक मानधन देत होता, अंक विकत होता. ताज्या कथेवर त्याचा हक्क होताच. ‘अप्रकाशित’ची अट आली ती या व्यवहारातून.

१९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाले. दिवाळी अंक होते, इतर मासिकेही काही काळ तग धरून होती. पण नव्या माणसाची कथा बारा महिने वाचून उत्तर देणारी ठिकाणे त्यानंतर कमीच होत गेली आणि कथाकाराचे वर्ष दिवाळीच्या एका महिन्यात येऊन बसले. १९८२ मध्येच ठाण्याची महानगरपालिका झाली. पुढे १९९२ मध्ये नवी मुंबईची महानगरपालिका आली आणि लोकल वाशीपर्यंत पोचली. गिरगाव, परळ, दादरच्या खोल्या विकून माणसे नौपाडा, वर्तकनगर, घोडबंदर रस्ता, वाशी, नेरूळ इथे राहायला आली. वाचणारे आले, लिहिणारे आले. संपादकांच्या कचेऱ्या मात्र बहुतेक मुंबईत नाहीतर पुण्यात राहिल्या.

ठाण्याला निदान मुळे होती. इथले ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अखिल भारतीय साहित्य संमेलन १९६०, १९८८ आणि २०१० असे तीनदा या शहरात भरले. खाडीपलीकडे, नवी मुंबईत, सिडको या सरकारी महामंडळाने आखलेल्या नगरांत असे काहीच तयार नव्हते. तिथल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सव, हळदीकुंकू, कोजागरी यांच्याबरोबर साहित्याचा एखादा कार्यक्रम धरला, आणि कथास्पर्धा त्यात सगळ्यांत सोयीची होती. सभागृह एकाच दिवसापुरते लागते, तीन परीक्षक मिळतात, बक्षीस समारंभाला घरचे लोक येतात. या स्पर्धांचा हेतू माणसे जोडण्याचा होता आणि तो त्यांनी चांगला साधला. कोपरखैरण्यात राहून बँकेत नोकरी करणाऱ्याला आपल्यासारखाच कुणीतरी दोन गल्ल्या सोडून लिहितो, हे अशाच समारंभात कळले. त्यापूर्वी ते कळायला दुसरी जागाच नव्हती.

यातले बहुतेक आयोजक प्रकाशक नव्हते. ते कथा छापत नव्हते, छापली तरी स्मरणिकेत. मानधनाचा प्रश्नच नव्हता. नियमावली मात्र त्यांनी मासिकांचीच उचलली, अटीसकट.

वीसेक वर्षे त्याने काही बिघडले नाही, कारण ‘प्रकाशित’ म्हणजे छापलेले, हे सगळ्यांना मान्य होते. गोंधळ फोनमुळे झाला. ब्लॉग आले, मग फेसबुक, मग व्हॉट्सॲपचे कथासमूह. २०१४ मध्ये बंगळुरूत एक लेखन-ॲप सुरू झाले आणि पुढे मराठी लेखकही तिथे मोठ्या संख्येने लिहू लागले. आता समजा, ऐरोलीची एक लेखिका नवी कथा आपल्या वीस मैत्रिणींच्या समूहात टाकते. अभिप्राय येतात, ती शेवट बदलते, कथा स्पर्धेला पाठवते. तिची कथा प्रकाशित की अप्रकाशित? एका आयोजकाकडे ती चालते, दुसऱ्याकडे बाद होते, आणि तिसऱ्याकडे निकालानंतर कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतो म्हणून बक्षीस मागे घ्यायची वेळ येते. तीनही ठिकाणी नियमाची ओळ तीच.

कायद्याकडे पाहावे तर गाठ आणखी घट्ट होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३ प्रमाणे प्रती काढून किंवा जनतेपर्यंत पोचवून कृती उपलब्ध करून देणे म्हणजे प्रकाशन. फेसबुकच्या खुल्या भिंतीवरची कथा या व्याख्येत सहज बसते. वीस मैत्रिणींना ‘जनता’ म्हणणे कठीण आहे. पण व्हॉट्सॲपच्या एका समूहात आज १०२४ जण असू शकतात. तिथे काय म्हणायचे? व्याख्या शब्दशः लावली तर वाचनालयाच्या सभागृहात वाचून दाखवलेली कथाही अडचणीत येऊ शकते. मराठीत कथाकथनाची इतकी जुनी आणि लाडकी परंपरा असताना वाचून दाखवलेल्या कथेला कुणी प्रकाशित मानले नाही, आणि ते योग्यच होते. म्हणजे आपण कायद्याची व्याख्या कधीच वापरत नव्हतो, रूढी वापरत होतो. मग फोनवरच्या कथेसाठी नवी रूढी ठरवायला हरकत कसली?

आयोजकांच्या बाजूने दोन कारणे दिली जातात. पहिले वजनदार आहे. कथेवर नाव लिहायचे नाही, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर द्यायचा, ही स्पर्धेची चांगली पद्धत. परीक्षकाने तीच कथा आधी फेसबुकवर नावासकट वाचली असेल तर या पद्धतीचा उपयोग राहत नाही. दुसरे कारण चोरीचे: आधी फिरलेली कथा पाठवणाऱ्याची स्वतःचीच आहे कशावरून, असे विचारले जाते. ते मला पटत नाही. समूहात टाकलेली कथा कुणीतरी नाव काढून पुढे ढकलतो आणि आठवडाभरात ती ‘फॉरवर्डेड’ म्हणून मूळ लेखिकेकडेच परत येते. स्पर्धेत कुणी ती ओळखली की आधी संशय येतो तिच्यावरच. ज्याचे नुकसान झाले त्यालाच बाद करण्याचा हा नियम आहे.

यात सगळ्यांत जास्त भरडला जातो तो नवा लेखक. ॲपवरच्या स्पर्धेत भाग घ्यायचा तर कथा ॲपवर टाकावीच लागते. तिथे बक्षीस मिळाले नाही तरी ती इतरत्र ‘प्रकाशित’ ठरते. वर्षाला दोन-तीन कथा लिहिणाऱ्याची एक कथा अशी फुकट जाते. मानधन देऊन अंक विकणाऱ्या संपादकाने अट ठेवावी. ज्याला कथा छापायचीच नाही, त्याने ती का ठेवावी, याचे समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

त्याच नियमावलीत खाली आणखी एक ओळ असते, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही: ‘कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ कॉपीराइट कायद्याचे कलम १९ इथे लेखकाच्या बाजूने आहे. लेखकाच्या सहीने लेखी करार झाल्याशिवाय हक्क हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. नुसत्या आवाहनातल्या ओळीने कथा कायमची जात नाही. पण प्रवेशिकेवर सही करताना तीच ओळ वर छापलेली असेल तर सावध राहावे.

छोट्या प्रकाशकांची गोष्ट थोडक्यात. नव्वदच्या दशकात संगणकावरची अक्षरजुळणी स्वस्त झाली आणि राहत्या ब्लॉकच्या एका खोलीतून प्रकाशन चालवणे शक्य झाले. अकराशे प्रतींची आवृत्ती पाचशेवर, मग तीनशेवर आली. आता डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात. ‘कथासंग्रह खपत नाही’ हे वाक्य प्रत्येक नव्या कथाकाराने ऐकलेले असते. त्यातून लेखकाने खर्चाचा वाटा उचलायचा किंवा ठरावीक प्रती स्वतः विकत घ्यायच्या, हा रिवाज पडला. छापील किंमत, प्रतींची संख्या आणि उरलेल्या प्रतींचे काय, हे आधी कागदावर आले तर त्यात गैर काही नाही. प्रवेशमूल्य घेऊन, आलेल्या सगळ्याच कथा एका ‘प्रातिनिधिक’ संग्रहात घालणे आणि प्रत्येकाला दहा प्रती घ्यायला लावणे हा प्रकार मात्र वेगळा. तिथे निवडच होत नाही, आणि लेखकाला हवी असते ती निवड.

पैसे न भरता पुस्तक निघण्याचे मार्ग मोजके आहेत. एकही पुस्तक न निघालेल्यांसाठी राज्याच्या साहित्यविषयक मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित तपासून मगच ते अनुदान मिळते. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कथासंग्रहासाठी स्वतंत्र विभाग आहे. पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी राष्ट्रीय पातळीवरचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तके कमी दरात पाठवण्याची रजिस्टर्ड बुक पोस्टची सवलत बंद केली. घरातून पुस्तके पाठवणाऱ्या प्रकाशकाला तेव्हा टपालखर्च जड गेला आणि त्याची झळ छापील किमतीला लागली.

‘पुस्तकात, अंकात किंवा वृत्तपत्रात छापलेली कथा चालणार नाही, समूहात किंवा समाजमाध्यमावर टाकलेली चालेल, मात्र निकाल लागेपर्यंत ती तिथून काढावी.’ एवढी ओळ नियमावलीत आली तर बराच गोंधळ मिटेल, आणि परीक्षकाला नाव कळण्याची अडचणही पुष्कळशी कमी होईल. ती येईपर्यंत लेखकाने कथा पाठवण्याआधी आयोजकांना ई-मेलवर प्रश्न विचारावा: कथा अमुक ठिकाणी अमुक तारखेला टाकली होती, चालेल का? उत्तर फोनवर घेऊ नये, लेखी मागावे. उद्या कुणी स्क्रीनशॉट पुढे केला तर तेच दाखवता येईल.