सरडे खंडांबरोबर गेले की समुद्रावरून?

इग्वाना हे मुख्यतः अमेरिकेतले सरडे. तरी त्यांच्या कुळातले काही मादागास्करमध्ये राहतात आणि काही थेट प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर एकही नाही. खंड फुटले आणि त्यांच्याबरोबर सरडेही विखुरले, हे स्पष्टीकरण बराच काळ सगळ्यांना पटत होते.

त्याला आधारही होता. सरडे-सापांच्या वंशातल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या जीवाश्मांपैकी एक, मेगाकिरेला, इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत सापडला. तो सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे सगळी जमीन पॅन्जिया या महाखंडात एकत्र होती तेव्हाचा. पुढे पॅन्जिया फुटला आणि त्याचा दक्षिणेकडचा भाग, गोंडवन, हाही तुटत गेला. भारत-मादागास्करचा जोडतुकडा आफ्रिकेपासून निघाला, मग सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला. 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत होता तेव्हा आपला देश समुद्रातले बेट होता.

खरी कसोटी काळाची असते. दोन वंश वेगळे झाले कधी आणि जमीन तुटली कधी, हे जुळायला हवे. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारे सरडे, आफ्रिका, मादागास्कर आणि भारतात आहेत. नकाशा पाहिला तर गोंडवनच डोळ्यांपुढे येते. पण 2013च्या डीएनए अभ्यासानुसार त्यांचा उगम आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर झाला आणि मादागास्करला ते दोनदा समुद्र ओलांडून पोहोचले, तेही ते बेट सुटल्यावर कितीतरी काळाने. भारतातल्या शॅमेलिऑनचे जवळचे नातलग अरबस्तान आणि आफ्रिकेत आहेत.

फिजीचे उत्तर याहून थक्क करणारे आहे. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिथल्या इग्वानांचा सर्वांत जवळचा नातलग उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात राहतो, आणि दोघांची फारकत झाली ती जेमतेम 3.4 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे उन्मळलेल्या झाडांवर बसून सुमारे 8,000 किलोमीटरचा प्रवास! अशक्य वाटते, पण 1995मध्ये चक्रीवादळांनंतर कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटावर हिरवे इग्वाना असेच वाहून आलेले लोकांनी पाहिले.

म्हणून भूखंडांचे फुटणे निरर्थक ठरत नाही. पालींचा एक जुना गट आज फक्त ऑस्ट्रेलिया आणि आसपासच्या बेटांवर आढळतो. त्याची मुळे पूर्व गोंडवनात असल्याचे मानले जाते. खंडांनी फक्त ताटातूटच केली असेही नाही. ऑस्ट्रेलिया उत्तरेकडे सरकत आशियाच्या जवळ आला आणि मधली बेटे ओलांडून आशियातले सरडे ऑस्ट्रेलियात शिरले. मुंग्यांवर जगणारा, अंगभर काटे असलेला थॉर्नी डेव्हिल त्यांच्याच वंशातला.