कॉन्झर्व्हेटरी : देखभाल आणि दुरुस्ती

कॉन्झर्व्हेटरी म्हणजे घराच्या भिंतीला, बहुतेक वेळा मागे बागेच्या बाजूने, टेकवून उभी केलेली काचेची खोली. ब्रिटनमध्ये ट्रेनने जाताना लोकांची परसं दिसतात ना, तिथे अशा खोल्या ओळीने दिसतात. खाली गुडघ्याएवढी विटांची भिंत, त्यावर यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटी आणि डबल ग्लेझिंगची (दुहेरी काचेची) तावदानं, आणि वर पॉलीकार्बोनेटच्या शीटचं नाहीतर काचेचं छत. मराठीत काचघर म्हणता येईल, पण स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्सकडे घर घेतलेली आपली मंडळी सरळ कॉन्झर्व्हेटरीच म्हणतात, आणि लगेच पुढचं वाक्य येतं की उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात फ्रीज. तरी कुंडीतला कढीपत्ता आणि तुळस ऑक्टोबरात उचलून तिथेच ठेवतात, कारण बाहेर पहिल्याच गोठलेल्या दहिवरात दोन्ही जातात.

खरं तर ही खोली जन्मली तीच अशा कामासाठी. सतराव्या शतकापासून बड्या लोकांकडे संत्र्या-लिंबाची झाडं थंडीत आत ठेवायला ऑरेंजरी असायच्या. काच महाग होती, त्यात ब्रिटनमध्ये १७४६ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर, तो १८४५ मध्ये उठला आणि काचघरं सुसाट वाढली. चॅट्सवर्थ या इंग्लंडमधल्या सरदारी वाड्याचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने तिथे १८३६ ते १८४१ मध्ये भलंमोठं काचघर उभारलं आणि मग १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस. चॅट्सवर्थचं काचघर पहिल्या महायुद्धात कोळसा नाही म्हणून तापवता आलं नाही, झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते पाडूनच टाकलं. आत्ताच्या यूपीव्हीसीवाल्या कॉन्झर्व्हेटऱ्या मात्र डबल ग्लेझिंग स्वस्त झाल्यावरच्या, म्हणजे साधारण १९८० नंतरच्या, आणि त्यातल्या बऱ्याच आता दुरुस्तीच्या वयात आल्यात.

पॅक्स्टनची एक गोष्ट इथे कामाची आहे. त्याने छताच्या लाकडी पट्ट्यांना वरून एक खोबण ठेवली पावसाच्या पाण्याला, आणि आतून दोन बाजूंना बारीक खोबणी ठेवल्या, काचेला आतून घाम सुटतो ते पाणी वाहून न्यायला. म्हणजे पाणी येणारच हे धरून त्याला वाट करून दिली. आजच्या कॉन्झर्व्हेटरीतही हेच तत्त्व आहे आणि दुरुस्तीच्या नावाखाली जे घोळ होतात ते बहुतेक ही वाट बुजवल्यामुळे होतात.

गळती

यूपीव्हीसीच्या चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरून छोटे लांबट खाच दिसतात. बाहेरच्या रबरातून थोडं पाणी आत जातंच, ते चौकटीच्या पोकळीत उतरतं आणि या खाचांतून बाहेर पडतं. खाच माती, कोळ्याची जाळी, शेवाळ यांनी बंद झाले की पाणी पोकळीत साठतं आणि आतल्या बाजूने खिडकीच्या पट्टीवर येतं, मग लोकांना वाटतं खिडकी गळते. आमच्याकडे हेच झालं होतं. एक कारागीर आला, बघितलं न बघितलं, सगळीकडे सिलिकॉन मारून गेला, ते खाचसुद्धा भरून टाकले, आणि पुढच्याच पावसात खिडकीखालचं लॅमिनेट पापडासारखं फुगलं. नंतर मी पातळ स्क्रूड्रायव्हरने एकेक खाच मोकळा केला तेव्हा एकातून काळं पाणी अक्षरशः चुळुक करून बाहेर आलं. तर वर्षातून एकदा हे खाच साफ करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम.

दुसरी जागा म्हणजे छत घराच्या भिंतीला जिथे भिडतं तो सांधा. तिथे शिशाच्या पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी पट्टी असते, साधारणपणे कोड ४ (ब्रिटनमधला जाडीचा क्रमांक) जाडीची. त्याची वरची कड विटांमधल्या सांध्यात निदान २५ मिमी आत खोचलेली पाहिजे, आणि पत्र्याचा एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको, कारण शिसं उन्हाने चांगलंच पसरतं आणि लांब तुकडा काही वर्षांत सुरकुतून फाटतो. स्वस्तातल्या कामात शिशाऐवजी चिकटपट्टीसारखं फ्लॅशिंग लावलेलं असतं, ते सुटतं. सुटलेलं शिसं परत खोचून शिशाच्याच पाचरी ठोकायच्या आणि वरून लेड सीलंट भरायचं, हे हौशी माणसालाही जमतं.

पण कधी कधी फ्लॅशिंग एकदम ठणठणीत असतं आणि तरी पाणी येतं, आणि इथे भलेभले चुकतात. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांची बाहेरची भिंत दुहेरी, मधे पोकळी. बाहेरची वीट पावसात भिजते, पाणी विटेतून आतल्या पोकळीत उतरतं आणि खाली निघून जातं, हे नॉर्मल आहे. पण कॉन्झर्व्हेटरी बांधली की त्या भिंतीचा खालचा भाग घराच्या आतला भाग झाला ना! मग वरून उतरणारं पाणी फ्लॅशिंगच्या मागून खाली येऊन कॉन्झर्व्हेटरीतल्या विटेवर ओल म्हणून उमटतं. त्यावर उपाय म्हणजे फ्लॅशिंगच्या वर भिंतीच्या पोकळीत कॅव्हिटी ट्रे बसवणं, म्हणजे पोकळीतलं पाणी अडवून बाहेर काढणारी पन्हळच. त्यासाठी थोड्या थोड्या विटा काढाव्या लागतात, गवंड्याचं काम आहे, सिलिकॉनच्या नळीने होत नाही. ओल जर मुसळधार पाऊस थांबल्यावर काही तासांनी यायला लागत असेल तर संशय इथेच घ्यावा.

तिसरी भानगड बॉक्स गटर. घराची वळचण खाली असेल, बंगल्यांना (ब्रिटनमध्ये बंगला म्हणजे बैठं घर) असतेच, तर घराचं छत आणि कॉन्झर्व्हेटरीचं छत यांच्या मधे ही पत्र्याची पन्हळ येते आणि दोन्हीकडचं पाणी हिच्यात. साधी पन्हळ तुंबली तर पागोळ्या बागेत पडतात, ही तुंबली तर सरळ सोफ्यावर. पानगळ संपली की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, हिच्यात हात घालून साफ करायलाच हवी.

गळती शोधायची पद्धत जुनीच आहे, बागेतला पाइप घ्यायचा, एक जण बाहेर, एक जण आत. खालून सुरुवात करायची, आधी चौकट, मग छताची खालची कड, मग आडव्या-उभ्या पट्ट्या, शेवटी फ्लॅशिंग, आणि प्रत्येक जागी निदान दहा मिनिटं पाणी सोडायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं हे कौलारू घरात वाढलेल्याला सांगायला नको, पाणी वाशावरून धावत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतं, इथे वाशाच्या जागी ग्लेझिंग बार (छताची काच किंवा शीट धरणारी पट्टी) एवढाच फरक.

छत

पॉलीकार्बोनेट शीट म्हणजे आतून पोकळ नळ्यांची प्लास्टिकची फळी, १६, २५ किंवा ३५ मिमी जाडीची वगैरे. हिची वरची बाजू ठरलेली असते, त्या बाजूला अल्ट्राव्हायोलेटपासून वाचवणारा थर असतो, उलटी बसवली तर काही वर्षांत पिवळी आणि ठिसूळ. नळ्यांचं वरचं तोंड अॅल्युमिनियमच्या टेपने पूर्ण बंद करतात, पण खालच्या तोंडाला श्वास घेणारी टेप लावतात, म्हणजे आतली वाफ आणि पाणी बाहेर जाईल आणि किडे आत येणार नाहीत. परत तीच वाट ठेवायची गोष्ट. ही टेप गेली की नळ्यांत हिरवं शेवाळ धरतं आणि ते बाहेरून कितीही घासलं तरी जात नाही, कारण ते आत आहे.

ऊन पडलं की छत कडाड-कडाड वाजतं, नवीन माणूस दचकतो. घाबरायचं कारण नाही, तीन मीटरची शीट ३० अंश तापली तर सहाएक मिलिमीटर वाढते आणि पट्टीला घासून आवाज करते. म्हणून शीट कधीही चारी बाजूंनी गच्च आवळायची नसते. आवाज फारच असेल तर पट्ट्यांची रबरं कडक झालीत का ते बघावं.

छताच्या खालच्या टोकाला प्रत्येक पट्टीवर एंड कॅप असते, शीट किंवा काच घसरू नये म्हणून तिथे अडकण असते. कॅप तुटून पडली की शीट हळूहळू खाली सरकते, आणि आढ्यापाशी फट पडते. बागेत एखादी प्लास्टिकची टोपी सापडली तर ती कुठली हे लगेच वर बघावं, नुसती कचऱ्यात टाकू नये. शीट परत वर ढकलून नवी कॅप बसवली की काम झालं.

सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल क्युअर प्रकारचंच. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते बाथरूमवालं सिलिकॉन पॉलीकार्बोनेटला आणि शिशाला दोघांनाही खातं. आणि छतावर पाय ठेवायचा नाही, शीटवर नाही आणि काचेवर तर नाहीच, पट्ट्यांवर फळी टाकून कारागीर जातात ते त्यांना करू दे, आपण शिडीवरून लांब दांड्याच्या ब्रशने कोमट साबणाचं पाणी. प्रेशर वॉशर सांध्यांवर मारला तर रबरामागे पाणी घुसतं, घासणी पावडर आणि थिनर यूपीव्हीसीची चमक घालवतात.

तावदानं आणि दारं

दोन काचांच्या मधे धुकं दिसायला लागलं म्हणजे त्या युनिटचं सील गेलं. काचांच्या मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात, औषधाच्या बाटलीत पुडी असते तसे, ते ओलीने भरले की वाफ काचेवर जमते. यासाठी पूर्ण खिडकी बदलायची गरज नसते (सेल्समन तेच सांगणार), नुसतं काचेचं युनिट बदलता येतं. आतल्या पट्ट्या, त्यांना बीड म्हणतात, पातळ बोथट पात्याने उचकटायच्या, सगळ्यात लांब पट्टीपासून आणि तिच्या मधोमध सुरुवात करायची, कोपऱ्यातून नाही. युनिटची रुंदी, उंची आणि जाडी मोजायची, जाडी बऱ्याचदा २४ किंवा २८ मिमी निघते. दारांत आणि जमिनीलगत टफन्ड (कणखर केलेली) काच लागते आणि ती भाजून तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप चुकलं की पैसे गेले. दोनदा मोजावं.

दार खाली घासायला लागलं की बहुतेक जण बिजागऱ्या पिळत बसतात. बिजागरीचे स्क्रू थोडं उचलतात हे खरं, पण खरा इलाज काचेच्या कडेला असतो, बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात आणि कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या चकत्या सरकवल्या की काच तिरकी आधार धरते आणि दार चौकोनात येतं. याला टो अँड हील म्हणतात. घासणारं दार हँडल जोरात उचलून बंद करत राहिलं तर कुलपाचा आतला गिअरबॉक्स तुटतो आणि मग कुलूप अडकून बसतं, तेही हमखास कुठेतरी निघायच्या वेळी.

पाया

कॉन्झर्व्हेटरीचा पाया बऱ्याचदा घराच्या पायापेक्षा उथळ असतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये जमीन चिकणमातीची, कोरड्या उन्हाळ्यात आकसते, पावसाळी हिवाळ्यात फुगते, आपल्याकडच्या काळ्या मातीचंच भावंड. म्हणून दोन्ही भिंतींच्या सांध्यात उभी चीर पडते. केसाएवढी चीर उन्हाळ्यात उघडून हिवाळ्यात मिटत असेल तर लवचीक सीलंट भरून गप्प बसावं, सिमेंट भरू नये, ते परत तडकतं. चीर वाढतच गेली, दारं अडकायला लागली तर इंजिनिअरला दाखवावं, जवळ मोठं झाड असेल तर आधी.

लाकडी कॉन्झर्व्हेटरी असेल तर वेगळाच संसार, रंग, लांबी (पुट्टी), खालच्या पट्टीतली कूज. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडा घासू नये. जुन्या काचघराचं काम किती मोठं होऊ शकतं ते लंडनच्या क्यू बागेतल्या टेम्परेट हाऊसने (ते लोखंडी सांगाड्याचं) दाखवलं, २०१३ ला बंद केलं ते २०१८ ला उघडलं, १५,००० च्या आसपास तावदानं बदलली.

छतच बदलायचं झालं तर

हल्ली पॉलीकार्बोनेट काढून हलकी कौलं आणि इन्सुलेशनचं घट्ट छत टाकायची लाट आहे. खोली बारा महिने वापरता येते हे खरं, पण जुन्या चौकटी आणि पाया ते वजन पेलतील का हे आधी तपासावं लागतं. कायद्याचंही बघा, इंग्लंडमध्ये ३० चौरस मीटरच्या आतली, जमिनीवरची, घरापासून बाहेरच्या दर्जाच्या दाराने वेगळी असलेली आणि घराच्या हीटिंगला न जोडलेली कॉन्झर्व्हेटरी साधारणपणे बिल्डिंग रेग्युलेशन्समधून (बांधकामाच्या नियमांतून) सुटते. घट्ट छत टाकलं, किंवा मधलं दार काढून खोली किचनला जोडली, की ही सूट जाते आणि बिल्डिंग कंट्रोलची (हे नियम तपासणाऱ्या यंत्रणेची) मंजुरी लागते. जुन्या छतालाच आतून फॉइल आणि प्लास्टरबोर्ड ठोकून देणारेही आहेत. वर हवा खेळायला जागा ठेवली नाही तर वाफ तिथेच कोंडते, दोन हिवाळ्यांत बोर्डामागचं लाकूड काळं पडतं, आणि दिसत काहीच नाही कारण वरून पांढरा रंग मारलेला असतो. मंजुरीचा कागद मात्र जपून ठेवावा, घर विकताना समोरच्याचा सॉलिसिटर तो मागतोच.