पार्श्वभूमी: ‘नव्वद टक्के ब्लॉकेज’ हा आकडा आला कुठून

सोलापुरात कुणाच्या छातीत दुखलं आणि अँजिओग्राफी झाली की नातेवाइकांचा फोनवर पहिला प्रश्न असतो, "किती टक्के?" आणि दुसरा, "योजनेत बसतंय का ओ?" अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, तुळजापूर, पलीकडनं इंडी-विजापूरहून आलेले पेशंट, यंत्रमागावर उभ्यानं आयुष्य काढलेले कामगार, विडी वळणाऱ्या बायका, सगळ्यांची फाइल शेवटी त्या एका आकड्यावर येऊन थांबते. ऐंशी, नव्वद, पंचाण्णव. तो ऐकून घरची माणसं सही करतात. आता हा आकडा सांगतो की हृदयाला रक्त देणारी नळी किती अरुंद झालीय. त्या नळीतनं रक्त किती जातंय हे तो सांगत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे संशोधकांना कळून पन्नास वर्षं उलटून गेली, तरी निर्णय अजून बहुतेक वेळा आकड्यावरच होतो.

रक्त शरीरात गोल फिरतं हे १६२८ चं, बारीक केशवाहिन्या दिसल्या ते १६६१ चं, हे शाळेत झालेलं आहे. फुप्फुसातनं रक्त कसं फिरतं हे तेराव्या शतकात कैरोतल्या एका हकिमानं लिहून ठेवलं होतं आणि त्याचं हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात नजरेस आलं, हे मात्र शाळेत सांगत नाहीत, सांगायला पाहिजे. आपल्या विषयाला खरी सुरुवात होते १८४० च्या आसपास पॅरिसमध्ये. तिथल्या एका डॉक्टरानं केसासारख्या काचेच्या नळ्यांतनं पाणी सोडून मोजमाप केलं आणि नियम काढला की बाकी सगळं तेच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा राहतो. म्हणजे अरुंदपणा आणि प्रवाह यांचं नातं सरळ नाही हे तेव्हाच समजलं होतं. टक्केवारीचा घोळ समजून घ्यायचा तर हे डोक्यात ठेवायला लागतं.

जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेण्याचं काम १९२९ मध्ये जर्मनीतल्या एका तरुण डॉक्टरानं स्वतःवरच केलं. दंडाच्या शिरेतनं ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि तशीच चालत एक्स-रे खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. त्या वेळी त्याला बोलणीच खावी लागली, नोबेल मिळालं १९५६ ला. मग १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला एका तपासणीत नळीचं टोक चुकून हृदयाला रक्त देणाऱ्या उजव्या धमनीत शिरलं आणि सगळा डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं रंगद्रव्य, तिथंच गेला. हृदय काही क्षण थांबलं, पेशंटला खोकायला लावलं, परत सुरू झालं. आणि पडद्यावर ती धमनी पहिल्यांदा स्वच्छ दिसली. आजची अँजिओग्राफी त्या अपघातातनं आलेली आहे. तिच्यामुळेच नऊ वर्षांनी त्याच शहरात बायपासची पद्धत बसली आणि १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये ३८ वर्षांच्या एका माणसाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला गेला, तीच अँजिओप्लास्टी. पहिले फुगे त्या डॉक्टरानं घरच्या किचनमध्ये बसून जोडलेले होते. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला पहिला स्टेंट, आपल्याकडं लोक ज्याला स्प्रिंग किंवा जाळी म्हणतात तो.

इथपर्यंतची गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात आणि कौतुक करण्यासारखीच आहे. पण दिसायला लागलं म्हणून मोजता आलं असं झालं नाही. अँजिओग्राफीत जे दिसतं ती डायची सावली असते, ती बघून डॉक्टर डोळ्यानं अंदाज करतात आणि रिपोर्टमध्ये टक्के लिहितात. एकच फिल्म दोन अनुभवी डॉक्टरांनी बघितली तर एक साठ म्हणेल, दुसरा ऐंशी, आणि यात कुणी लबाडी करतंय असं नाही, सावलीचं तसंच असतं. शिवाय टक्के कशाचे, हाही प्रश्न आहे. व्यासाचे ५० टक्के गेले तर नळीच्या आतल्या क्षेत्रफळाचे ७५ टक्के गेलेले असतात. व्यासाचे ७० म्हणजे क्षेत्रफळाचे ९१. नातेवाइकांना हा फरक कोणी सांगत नाही, त्यांना ७० पेक्षा ९१ जास्त भीतीदायक वाटतो एवढंच.

दुसरा घोळ म्हणजे नळाच्या पाइपात कचरा अडकलाय असं समजावणं. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पाइपची भाषा लगेच पटते. पण हृदयाच्या धमनीपुढं बारीक वाहिन्यांचं जाळं असतं आणि वरची नळी अरुंद झाली की ते जाळं स्वतःहून सैल पडतं, वाट मोकळी करतं, आणि बसल्याजागी लागणारं रक्त पोचत राहतं. १९७४ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात हे मोजूनच दाखवलं. नळी सुमारे ८५ टक्के अरुंद होईपर्यंत विश्रांतीच्या वेळचा प्रवाह कमी झालाच नाही. कमी झाली ती राखीव ताकद, म्हणजे जिना चढताना, ओझं उचलताना जो जास्तीचा प्रवाह लागतो तो, आणि तीही साधारण ५० टक्क्यांच्या आसपासनं उतरायला लागली. म्हणून ५० ते ९० यामधला पेशंट नुसत्या आकड्यावरनं ओळखता येत नाही.

याच्यावर उपाय आला १९९० च्या दशकात, नेदरलँड्स आणि बेल्जियममधनं. केसासारखी तार, जाडी ०.०१४ इंच, तिच्या टोकाजवळ दाब मोजणारा सेन्सर. अँजिओग्राफीच्याच टेबलावर ती तार अडथळ्याच्या पलीकडं नेतात, मग ॲडिनोसिन नावाचं औषध देतात ज्यानं पुढचं बारीक जाळं पूर्ण सैल पडतं. पेशंटला थोडा वेळ छाती भरून आल्यासारखं, गरम झाल्यासारखं वाटतं, औषध बंद केलं की एक-दोन मिनिटांत जातं. स्क्रीनवर दोन रेषा असतात, एक अडथळ्याच्या अलीकडच्या दाबाची आणि एक पलीकडच्या. औषध चढतं तशा त्या एकमेकींपासून लांब जायला लागतात. पलीकडच्या दाबाला अलीकडच्यानं भागायचं. ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा खरंच प्रवाह अडवतोय, वर असेल तर नाही. सुरुवातीला ही मर्यादा ०.७५ होती.

या तारेमुळे काय बाहेर आलं ते फार महत्त्वाचं आहे आणि माझ्या मते दर नातेवाइकाला माहीत पाहिजे. २००९ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या २० हॉस्पिटलांमधल्या १,००५ पेशंटांचा अभ्यास छापून आला. अर्ध्यांना नेहमीसारखे डोळ्यानं बघून स्टेंट, अर्ध्यांना फक्त तारेनं मोजून जिथं गरज तिथंच. मोजलेल्या गटात सरासरी १.९ स्टेंट लागले, दुसऱ्यात २.७. आणि वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा परत प्रोसिजर यांपैकी काही झालेले १३.२ टक्के विरुद्ध १८.३. म्हणजे कमी स्टेंट टाकून पेशंट जास्त बरे राहिले. त्यातल्याच आकड्यांवरनं नंतर हेही निघालं की डोळ्याला ५० ते ७० टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी जेमतेम ३५ टक्के प्रवाह अडवत होते, ७१ ते ९० मधले ८० टक्के. म्हणजे ‘ऐंशी टक्के ब्लॉकेज’ ऐकून घाबरलेल्या काही लोकांचा प्रवाह ठीक होता!

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो. हार्ट अटॅक आला असेल, नळी एकाएकी बंद झाली असेल, तर अँजिओप्लास्टी जीव वाचवते आणि जितकी लवकर तितकी चांगली, १९९३ पासून अभ्यासांनी हे परत परत दाखवलंय. तिथं तार, टक्के, सेकंड ओपिनियन यात वेळ घालवायचा नाही. वाद आहे तो चालताना छातीत दुखतं, थांबलं की राहतं, महिनोन् महिने तसंच आहे, अशा पेशंटचा. त्याला स्टेंट टाकल्यानं पुढचा अटॅक टळतो का?

आपल्याकडं सगळे धरूनच चालतात की टळतो. २००७ मध्ये २,२८७ पेशंटांच्या अभ्यासात औषधांबरोबर स्टेंट टाकलेले आणि नुसती चांगली औषधं घेतलेले यांच्यात मृत्यू आणि अटॅक यांचं प्रमाण सारखंच निघालं. खूप आरडाओरडा झाला, पेशंट सौम्य निवडले, स्टेंट जुने होते वगैरे. मग ३७ देशांतल्या ५,१७९ पेशंटांवर आणखी मोठा अभ्यास झाला, त्यात भारतही होता, निकाल २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितला, आणि तिथंही सरासरी तीन वर्षांत तेच. छातीतलं दुखणं स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. कारण १९८८ पासूनच दिसत होतं. अटॅक बऱ्याचदा अशा जागी येतो जिथं आधी ५० टक्केही अडथळा नव्हता, तिथली चरबीची गाठ फुटते आणि वर रक्त गोठतं. नव्वद टक्क्यांच्या जागी जाळी बसवून त्या दुसऱ्या जागेचं काही होत नाही. तिथं काम करतात त्या गोळ्या आणि तंबाखू सोडणं, आणि आपल्या जिल्ह्यात तंबाखू, मावा, विडी किती आहे हे वेगळं सांगायला नको.

सोलापूरच्या बाबतीत या सगळ्यात २०१२ साल मोठं आहे. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला जिल्हा होता. तेव्हा पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मिळायचं, अँजिओप्लास्टी त्यात होती. ज्या घरात आधी दागिने मोडायला लागायचे तिथं ऑपरेशन फुकट झालं, याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण मंजुरीला अँजिओग्राफीचा रिपोर्ट लागतो आणि रिपोर्टावर टक्के असतात, त्यामुळे तो आकडा आणखीनच पक्का बसला. पुढं फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, साधा ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेला २९,६००, कर वेगळा. त्याआधी लेपवाल्याची सरासरी किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. पेपरात, टीव्हीवर महिनाभर हीच चर्चा. स्टेंट महाग का यावर सगळे बोलले. तो टाकायचाच का, हा प्रश्न तसाच राहिला, आणि मला वाटतं तो जास्त महत्त्वाचा होता.

त्याच २०१७ च्या शेवटी ब्रिटनमधनं एक छोटा पण धीट अभ्यास आला. २०० पेशंट, सगळ्यांना टेबलावर घेतलं, गुंगी दिली, पण अर्ध्यांना खरा स्टेंट आणि अर्ध्यांना नुसतं नाटक, कुणालाच कळलं नाही आपल्याला काय झालं. सगळे आधीपासून व्यवस्थित औषधांवर. सहा आठवड्यांनी चालण्याची ताकद दोन्ही गटांत जवळपास सारखी, फरक १६.६ सेकंदांचा, जो योगायोगानंही येऊ शकतो असा. स्टेंट टाकणाऱ्यांना हे फार लागलं. पण त्याच टीमनं २०२३ मध्ये ३०१ पेशंट घेऊन परत तसंच केलं, या वेळी दुखण्यावरची औषधं बंद करून, आणि तेव्हा स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला. बारा आठवड्यांनी छातीत अजिबात न दुखणारे ४० टक्के, नाटकवाल्या गटात १५. म्हणजे औषधं सोसत नसतील किंवा घ्यायची नसतील त्यांना स्टेंटनं आराम मिळतो, हे आता नीट सिद्ध झालंय.

पण दहातल्या सहा जणांना स्टेंटनंतरही थोडंफार दुखतच होतं. अशांमधल्या काहींचं दुखणं मोठ्या नळीत नसून पुढच्या बारीक जाळ्यात असतं, ते जाळं हवं तेव्हा सैल पडत नाही, आणि इतक्या बारीक वाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. बायकांमध्ये हे जास्त सापडतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्यांना ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतात आणि दुखणं तसंच राहतं. त्या बारीक वाहिन्यांतला प्रवाह तारेनंच मोजायच्या पद्धती आता आल्यात, आणि सध्याचं बरंचसं काम तिकडंच चाललंय.