आकड्याआधीची शून्यं आली कुठून?

‘०००४२’ आणि ‘४२’ माणसाला एकच वाटतात. डेटाबेसच्या टेक्स्ट कॉलममध्ये मात्र ती दोन वेगळी मूल्यं असतात. एका टेबलात ग्राहक क्रमांक शून्यांसकट आणि दुसऱ्यात शून्यांविना असेल, तर दोन्ही टेबलं त्या क्रमांकावरून जोडणारा जॉइन मुकाट चालतो, एरर येत नाही आणि उत्तरात एकही ओळ मिळत नाही. मग लीडिंग झिरो, म्हणजे ही पुढची शून्यं, काढायची क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) शोधायची, ती सापडतेही लगेच. पण ही शून्यं कुणी आणि कशासाठी लावली हे ठाऊक नसेल, तर ती काढणं बरोबर की चूक हे कळायला मार्ग नाही.

त्यांचं मूळ पुठ्ठ्याच्या कार्डात आहे. हर्मन होलेरिथच्या भोकांच्या कार्डांवर अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची मोजणी झाली. पुढे १९२८ मध्ये आयबीएमनं ८० कॉलमांचं कार्ड आणलं. एका कॉलमात एकच अंक किंवा अक्षर. ग्राहक क्रमांकाला सहा कॉलम नेमून दिले की तो त्या सहाच घरांत बसवायचा, म्हणून ४२ चे ०००००४२ नव्हे, मोजून सहा अंक: ००००४२. घरं कोरी का सोडायची नाहीत, हे कार्डं लावणाऱ्या यंत्राकडे पाहिलं की समजतं. आयबीएमच्या ०८२ या सॉर्टरला १३ कप्पे होते. कार्डावरच्या भोकांच्या १२ ओळींना एकेक, आणि तेरावा रिजेक्टचा. यंत्र एका फेरीत एकच कॉलम पाही, त्यामुळे सहा अंकी क्रमांकाला उजवीकडून डावीकडे सहा फेऱ्या लागत. ज्या कार्डाला त्या कॉलमात भोकच नाही, ते थेट तेराव्या कप्प्यात. कोरी जागा म्हणजे ‘इथे काही नोंदलेलं नाही’, आणि शून्य म्हणजे ‘इथे अंक आहे आणि तो शून्य आहे’. आपण आज डेटाबेसमध्ये नल (मूल्यच नाही) आणि शून्य यांत जो भेद करतो, तो त्या यंत्रात चक्क दोन वेगळ्या कप्प्यांत पडत होता.

कार्डांची ही शिस्त कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेत उतरली. १९५९ मध्ये या भाषेचं काम सुरू झालं. अंकांचं फील्ड जाहीर करताना जितकी घरं तितके ९ लिहायचे; सहा नवांच्या फील्डात ४२ टाकले की ००००४२ होतात. छपाईची सोय वेगळी. ९ ऐवजी झेड लिहिलं की पुढची शून्यं कागदावर कोरी दिसतात, आणि चांदणी लिहिली की तिथे चांदण्या छापल्या जातात. चेकवरच्या रकमेआधी कुणी जादा अंक घुसडू नये म्हणून ही चांदण्यांची युक्ती. साठवायचं शून्यांसकट आणि दाखवायचं शून्यांविना, हा शिरस्ता असा पडला.

कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॅप या सॉफ्टवेअरमध्ये तो आजही पाळला जातो. तिथे ग्राहक क्रमांकाचं फील्ड दहा अक्षरांचं. नुसते अंक टाकले तर ‘अल्फा’ नावाचं कन्व्हर्जन पुढे शून्यं लावून क्रमांक साठवतं आणि स्क्रीनवर ती काढून दाखवतं. क्रमांकात अक्षर असेल तर शून्यं लागत नाहीत. स्क्रीनवर दिसलेला क्रमांक घेऊन थेट टेबलावर क्वेरी लिहिली की हाती काही लागत नाही, ते यामुळे.

शून्यं काढण्याची सोय एसक्यूएल या क्वेरी लिहायच्या भाषेच्या १९९२ च्या मानकात आली. ट्रिम फंक्शनला ‘लीडिंग’ म्हणून सांगायचं आणि कोणतं अक्षर काढायचं ते द्यायचं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे चालतं. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांत डावीकडून कापणाऱ्या एलट्रिम फंक्शनला दुसरं मूल्य म्हणून शून्य दिलं तरी भागतं. एसक्यूएल सर्व्हरचं एलट्रिम मात्र २०२२ ची आवृत्ती येईपर्यंत फक्त मोकळ्या जागा काढायचं. म्हणून तिथल्या लोकांनी पॅटइंडेक्स या शोधायच्या फंक्शननं पहिलं शून्येतर अक्षर शोधून तिथून पुढचा भाग कापायची रीत बसवली. त्यात मजकुराच्या शेवटी एक टिंब जोडतात. ‘००००’ असं सगळंच शून्य असेल तर शोधाला थांबायला काहीतरी हवं, म्हणून ते टिंब. अशा मूल्यातून सारी शून्यं गेली की उरते रिकामी स्ट्रिंग, आणि ओरॅकल तर तिला नलच मानतं. त्या कप्प्यांतला भेद इथे पुसला जातो. मजकूर आकड्यात कास्ट करण्याचा, म्हणजे त्याची जातच बदलून आकडा करण्याचा, झटपट मार्ग मला धोक्याचा वाटतो: एखाद्या क्रमांकात अक्षर निघालं की क्वेरी पडते. शिवाय कॉलमवरच फंक्शन लावलं तर शोध जलद करणारा साधा इंडेक्स बहुधा कामी येत नाही. फील्डाची लांबी ठरलेली असेल तर शोधायच्या मूल्यालाच शून्यं लावून घेणं केव्हाही बरं.

काही शून्यं मात्र भरणीची नसतातच. अमेरिकेचे झिप कोड १९६३ मध्ये सुरू झाले आणि ईशान्येकडच्या राज्यांना शून्यानं सुरू होणारे कोड मिळाले. बोस्टनचा ०२१०८ एक्सेलमध्ये उघडला की २१०८ होतो, आणि पत्ता बिघडतो. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या पिनकोडचा पहिला अंक १ ते ९ यांपैकीच असतो. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतात कविता करणारे. त्यांच्या आखणीत हा प्रश्नच उद्भवत नाही. मुंबईच्या ०२२ या फोन कोडमधलं शून्य आणखी निराळं: ते देशातल्या देशात ट्रंक लाइनसाठी फिरवायचं, परदेशातून ९१ नंतर थेट २२.

बारकोडचं उदाहरण तर दोन्हीकडे बोट दाखवतं. अमेरिकेत १९७४ मध्ये दुकानात पहिल्यांदा स्कॅन झालेला यूपीसी हा बारकोड १२ अंकी; नंतर युरोपातून आलेला ईएएन १३ अंकी. यूपीसीच्या पुढे एक शून्य लावलं की तोच ईएएन होतो. शेवटचा तपासअंक बदलत नाही, कारण त्याचं गणित उजवीकडून मांडलेलं असतं. आणि वेगवेगळ्या लांबीचे क्रमांक एकाच कॉलममध्ये ठेवायचे तर जीएस१ या बारकोडच्या जागतिक संस्थेचा सल्ला असा: चौदा घरांचं फील्ड घ्या, क्रमांक उजवीकडे सरकवा, डावीकडे उरलेली घरं शून्यांनी भरा.