फुंक एकच, आकडे दोन: व्हेलॉसिटी आणि ब्रेथ

नवा विंड कंट्रोलर, म्हणजे फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, घेतलेल्या माणसाचा फोन साधारण तिसऱ्या दिवशी येतो. तक्रार दोनपैकी एक असते. एक तर, 'हळू फुंका नाहीतर जोरात, आवाज तेवढाच.' नाहीतर, 'हळू फुंकलं की काही ऐकूच येत नाही आणि जरा जोर लावला की अंगावर येतं.' दोन्ही वेळा निदान आधीच ठरलेलं असतं: सेन्सर गेला. सेन्सर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. घोळ असतो लॅपटॉपमध्ये, व्हेलॉसिटी आणि ब्रेथ यांच्यात.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही मिडीचे, म्हणजे वाद्य आणि लॅपटॉप ज्या भाषेत बोलतात तिचे, आकडे, दोन्ही १२७ पर्यंत जाणारे, आणि मनात आपण दोन्हींचा अर्थ 'जोर' असाच लावलेला. विंड कंट्रोलरवर तर दोन्ही एकाच तोंडातून निघतात.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला फरक वाद्यांवरून पटकन कळतो. ऑक्टोपॅडवर काठी पडली, किती जोरात पडली ते पॅडने मोजलं, विषय संपला. त्यानंतर वाजवणाऱ्याने हात हवेत कितीही नाचवले तरी त्या ठोक्यात फरक पडत नाही. ही व्हेलॉसिटी. पेटीचं उलटं. पट्टी अलगद दाबा की आपटा, पेटीला त्याचं सोयरसुतक नाही. सूर चालू असताना डावा हात भात्यावर काय करतोय त्यावर आवाज फुगतो नि बसतो. तो भाता म्हणजे ब्रेथ.

व्हेलॉसिटी हे नावच कीबोर्डवरून आलंय. पट्टीखाली दोन संपर्क असतात, एक आधी जुळतो, दुसरा नंतर. मधे किती वेळ गेला त्यावरून पट्टी किती वेगाने खाली आली ते कळतं. म्हणजे मोजला जातो तो वेगच, दाब नव्हे. हा आकडा 'नोट ऑन' या संदेशाला चिकटून जातो आणि त्या सुराच्या जन्मवेळेसारखा असतो: एकदा लिहिला की बदलत नाही. ब्रेथ मात्र स्वतंत्र संदेश आहे, कंट्रोल चेंज क्रमांक २, ज्याला सगळे नुसतं सीसी २ म्हणतात. सूर चालू असेपर्यंत तो येतच राहतो, सेकंदाला कित्येकदा.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते यामाहाच्या डीएक्स ७ वर. १९८३ सालचा हा कीबोर्ड, आणि त्याला ब्रेथ कंट्रोलर जोडायला वेगळं भोक होतं. ओठांत धरायचं छोटंसं यंत्र, त्याची वायर कीबोर्डला. बोटं व्हेलॉसिटी देणार, तोंड ब्रेथ देणार. खाती वेगळी, भांडण नाही.

दुसरं टोक म्हणजे अकाईचा १९८७ चा विंड कंट्रोलर, ईडब्ल्यूआय १०००. नाइल स्टायनर या ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाने सत्तरच्या दशकात बनवलेल्या वाद्यांवरून तो आला, आणि मायकेल ब्रेकरने सॅक्सोफोन बाजूला ठेवून तो हातात घेतल्यावर जगाने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्या वाद्यातून ईडब्ल्यूव्ही २००० या आवाजाच्या डब्याकडे जायचं ते व्होल्टेज. फुंक चढली की व्होल्टेज चढणार, उतरली की उतरणार. सुराच्या सुरुवातीला जोराचा आकडा नोंदवायची भानगडच नाही. आपल्या पिढीने मात्र वाद्य यूएसबीने लॅपटॉपला लावलं, आणि लॅपटॉपमधली बहुतेक वाद्यं कीबोर्डवाल्यांसाठी बनलेली. तिथून ही कटकट सुरू होते.

आता एक फुंक जवळून बघू. मेनस्टेज, म्हणजे लॅपटॉपमधली वाद्यं स्टेजवर वाजवायचं सॉफ्टवेअर, त्यात येणारे मिडी संदेश बघता येतात. नाहीतर कुठलाही फुकटचा मिडी मॉनिटर चालतो. पांढरी एकचा सा लावा आणि अगदी हळू सुरू करून आवाज वाढवत न्या. पडद्यावर असं काहीसं दिसेल: नोट ऑन ६०, व्हेलॉसिटी २९. मग सीसी २ ची रांग: २४, ३१, ३८, ४७, ६०, ७४, ९१, १०८. मग फुंक सोडली की आकडे उतरत ० वर, आणि नोट ऑफ. व्हेलॉसिटीची २९ सुरुवातीला एकदाच दिसली. तुमचा सगळा चढ, सगळी मेहनत सीसी २ मध्ये आहे. पॅच, म्हणजे लॅपटॉपमध्ये बसवलेला आवाज, जर फक्त व्हेलॉसिटी ऐकत असेल तर त्याच्या लेखी तुम्ही २९ जोराचा एक सूर धरून बसलाय. पहिल्या तक्रारीचं उत्तर एवढंच.

याच पडद्यावर आणखी एक गंमत लपलेली आहे. वाद्य नोट ऑन कधी पाठवतं? फुंकेचा दाब एक ठरावीक उंबरठा ओलांडतो तेव्हा. पण त्या क्षणी दाब उंबरठ्याएवढाच असणार, मग तुम्ही पुढे कितीही जोरात फुंकणार असा. म्हणजे लगेच मोजलं तर व्हेलॉसिटी कायम फुटकळ येईल. म्हणून वाद्य काही मिलिसेकंद थांबतं, दाब किती वर चढतोय ते बघतं आणि मग आकडा लिहून नोट ऑन सोडतं. बऱ्याच वाद्यांत हा थांबा सेटिंगमध्ये बदलता येतो. कीबोर्डवर व्हेलॉसिटी फुकट मिळते, कारण पट्टी तळाला जायच्या आधीच मोजमाप झालेलं असतं. आपल्याला ती वेळ मोजून विकत घ्यावी लागते. त्यात ऑडिओ बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यातुकड्याने सोडतो तो तुकडा: ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळजवळ ६ मिलिसेकंद. त्यावर इंटरफेसचा उशीर. द्रुत लयीत जीभ मारताना, म्हणजे जिभेने सूर तोडताना, हे सगळं मिळून पायात पाय येतात.

आणि एवढं थांबून मिळालेला आकडा बासरी, क्लॅरिनेट, सिंथ लीड अशा पॅचमध्ये कामाला येतच नाही. म्हणून माझा पहिला सल्ला ठाम असतो: व्हेलॉसिटी एका आकड्यावर बांधून टाका. वाद्यातच फिक्स्ड व्हेलॉसिटीची सोय असेल तर तिथेच, कारण मग थांबाही शून्यावर आणता येतो. नसेल तर मेनस्टेजमध्ये व्हेलॉसिटी प्रोसेसर नावाचा मिडी प्लगइन आहे; त्यात येणारं काहीही घेऊन एकच आकडा पुढे पाठवता येतो. उशीर मात्र त्याने कमी होत नाही, तो वाद्यातच झालेला असतो.

दुसऱ्या तक्रारीचं कारण मी स्वतः भोगलंय. गणेशोत्सवातला एका सोसायटीचा कार्यक्रम, संथ भक्तिगीत, सुरुवातीचा तुकडा बासरीचा. घरी हेडफोनवर पॅच छान वाटला होता. स्टेजवर हळू फुंकलं तर मॉनिटरमध्ये नावालाही आवाज नाही. साउंडवाल्याने मान डोलावली आणि माझा फेडर वर ढकलला. अंतऱ्याआधीच्या तुकड्यात मी नेहमीच्या जोराने फुंकलं आणि पुढच्या रांगेतल्या आजींनी कानावर हात ठेवले. चूक सर्वस्वी माझी. पॅचमध्ये व्हेलॉसिटीही व्हॉल्यूमला जोडलेली होती आणि वरून मी ब्रेथही व्हॉल्यूमला जोडला होता. दोन्ही नळ एकाच पाइपवर. निम्म्या जोराने फुंकलं की व्हेलॉसिटीने आवाज निम्मा केला, ब्रेथने त्या निम्म्याचा निम्मा केला, उरला पाव. पूर्ण जोरात मात्र दोन्ही नळ सताड उघडे. मधली जागाच उरली नाही, आणि बासरीचा जीव तर त्या मधल्या जागेत असतो. घरी कळलं नाही कारण घरी मी सगळं सारख्याच जोरात वाजवून बघितलं होतं.

मींडेच्या जागी हीच भानगड वेगळ्या रूपात येते. एका दमात सा-रे-ग घेतलं तरी मिडीत तीन नोट ऑन जातात, आणि प्रत्येकाला स्वतःची व्हेलॉसिटी असते. पॅच व्हेलॉसिटी मानणारा असेल तर प्रत्येक सुराला नवा ठोका बसतो. एका फुंकेत ओढलेली ओळ ऐकायला पेटीवर बोट बोट दाबल्यासारखी लागते. व्हेलॉसिटी बांधली, पॅच मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लिगाटो (सूर न तोडता जोडणारा) केला, की ओळ जुळते. इथे वाद्याने नव्या सुराचं नोट ऑन आधी आणि जुन्याचं नोट ऑफ नंतर पाठवायला हवं. त्या क्षणभराच्या ओव्हरलॅपवरूनच सॉफ्टवेअरला कळतं की ही जीभ नव्हती, फक्त बोट होतं.

ब्रेथ जोडायचा कुठे? नवखा माणूस तो नुसता व्हॉल्यूमला जोडतो. चालतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी रेडिओचं बटण वरखाली करतंय. खरी बासरी जोरात फुंकली की मोठी तर होतेच, पण उजळही होते, धार येते तिला. म्हणून ब्रेथ फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे आवाज किती उजळ ते ठरवणाऱ्या मर्यादेला, आधी, व्हॉल्यूमला नंतर. शिवाय एन्व्हलप, म्हणजे सुराचा चढउतार आपोआप ठरवणारा भाग, जवळजवळ रिकामा करायचा: अटॅक (चढ) आखूड, सस्टेन (धरलेली पातळी) पूर्ण, रिलीज (उतार) आखूड. सुराचा चढउतार आता फुंक करणार आहे, एन्व्हलपने त्यात लुडबुड करायची नाही.

मेनस्टेजमध्ये हे करताना लेआउट मोडमध्ये एक नॉब टाकायचा, लर्न चालू करायचं आणि फुंकायचं. इथे बऱ्याच जणांचा नॉब भलतंच शिकतो, कारण फुंकताना माउथपीस दातांत दाबला जातो आणि चावा ओळखणारा बाइट सेन्सर पिच बेंड, म्हणजे सूर वरखाली सरकवणारा संदेश, पाठवतो. दात सैल ठेवा. मग एडिट मोडमध्ये तो नॉब कटऑफला जोडा आणि किमान-कमाल मर्यादा ठरवा. कटऑफ ० पासून सुरू केला तर हळू फुंकेला नुसती घुसमट ऐकू येते. माझ्या बासरीत तो बराच वरून सुरू होतो. एक पॅच बसवायला पाच मिनिटं लागतात, मर्यादा बसवायला अख्खी संध्याकाळ. तीच संध्याकाळ बहुतेक जण वाचवतात.

एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी मॅप केलं की ते संपूर्ण सेटला लागू होतं. सीसी २ एका ट्रॅकच्या फिल्टरला जोडला की समोर कुठलाही ट्रॅक असो, तुम्ही फुंकलंत की तो फिल्टर हलणार. मेनस्टेजमध्ये जोडणी पॅचपुरती ठेवता येते. गाण्यागणिक आवाज बदलणाऱ्या फुंकवाद्यवाल्याला म्हणून मेनस्टेज सोयीचा. तो फक्त मॅकवर चालतो. विंडोजवाल्यांना गिग परफॉर्मर किंवा कँटाबिले आहेत.

सीसी २ च्या शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात. सीसी ७ हा व्हॉल्यूम, सीसी ११ हा एक्स्प्रेशन. फुंक सीसी ७ ला कधी जोडू नये, कारण सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा ट्रॅकच्या फेडरला बांधलेला असतो, आणि सराव करून जमवलेलं बॅलन्स पहिल्या फुंकेत उडतं. सीसी ११ चालतो. स्वामसारखी सॉफ्टवेअरमधली वाद्यं मुळात त्याचीच वाट बघत असतात. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगचे संच, बऱ्याचदा सीसी १, म्हणजे मॉड व्हीलवर बारीक-मोठा आवाज ठेवतात. अशा वेळी मेनस्टेजचा मॉडिफायर नावाचा मिडी प्लगइन सीसी २ चं सीसी १ किंवा ११ करून देतो. वाद्याच्या सेटिंगला हात लावायची गरज पडत नाही.

सॅम्पलच्या ट्रम्पेटमध्ये एक फसवणूक असते ती मात्र लक्षात ठेवण्यासारखी. स्वस्त लायब्ररीत हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं रेकॉर्डिंग वेगळं असतं, आणि कुठलं लावायचं ते व्हेलॉसिटी ठरवते, सुराच्या आरंभी, एकदाच. तुम्ही हळू सुरू करून फुंक वाढवलीत तर हळू ट्रम्पेटचंच रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात ऐकू येतं. पितळेची ती करकर येत नाही. तिथे व्हेलॉसिटी बांधूनही उपयोग नाही, ब्रेथ जोडूनही नाही. दोन रेकॉर्डिंगमध्ये सलग क्रॉसफेड करणारी लायब्ररी हवी, नाहीतर रेकॉर्डिंगच्या नादी न लागता आवाज जागच्या जागी घडवणारं वाद्य हवं.

व्हेलॉसिटी कायमची हाकलून द्यायची असंही नाही. आमच्या सेटलिस्टमध्ये एक संतूरचा तुकडा आहे, कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात मागे लांब धरलेल्या सुरांवर (पॅडवर) अडकलेले असतात म्हणून तो माझ्या गळ्यात पडलाय. संतूरला फुंक कशी लागणार? काठी पडते आणि सूर आपला आपण विरतो. त्या पॅचमध्ये ब्रेथची जोडणी तोडलेली आहे, व्हेलॉसिटी मोकळी आहे, वाद्यातला थांबाही थोडा वाढवलेला आहे आणि तेवढा उशीर मी सहन करतो. प्रत्येक सूर जिभेने 'तु' म्हणून सोडायचा आणि लगेच तोंड बंद. पुढे धरून ठेवण्यात काही अर्थ नसतो. पॅचचं नाव ठेवलंय 'संतूर, फुंक बंद', कारण पहिल्या सरावात सवयीने मी फुंकत राहिलो होतो, ब्रेथ तेव्हा जोडलेलाच होता, आणि तबलेवाल्याने विचारलं होतं की हे हवा भरलेलं संतूर कुठून आणलंस.