स्क्रूची खाच आणि बिटची निवड

स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेत नेमका बसणारा बिट, म्हणजे पेचकसाचे बदलता येणारे टोक, शोधणे हे दुरुस्तीचे पहिले काम. बिट दोन बाजूंनी जुळावा लागतो: खाचेचा प्रकार आणि तिचे माप. अजिबात न बसणारा बिट कोणी जबरदस्तीने फिरवत नाही. स्क्रूचे डोके घासते ते जवळपास बसणाऱ्या बिटमुळे. त्यामुळे अगदी अनोळखी खाचेपेक्षा ओळखीची वाटणारी खाच जास्त फसवते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘प्लस’ खाच. तिला सरसकट फिलिप्स म्हटले जाते, पण त्या आकाराच्या निदान तीन खाचा सर्रास भेटतात. मूळ फिलिप्स खाच १९३० च्या दशकात अमेरिकेत आली. जॉन थॉम्पसन यांच्या कल्पनेचे हक्क घेऊन हेन्री फिलिप्स यांनी ती कारखान्यांपर्यंत नेली. तिच्या भिंती आत निमुळत्या होत जातात, त्यामुळे पिळाचा जोर वाढला की बिट वर उचलला जातो आणि कडा खरवडत बाहेर येतो. हा दोष पुढे पोझिड्राइव्ह खाचेने बराच कमी केला. तिच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, आणि डोक्यावर मुख्य चार फाट्यांच्या मधोमध, ४५ अंशांवर, चार बारीक रेघा असतात. या रेघा दिसल्या की पीझेड खुणेचाच बिट घ्यावा. फिलिप्सचा बिट तिथे बसल्यासारखा वाटतो, पण हलका डुलतो. उलट पोझिड्राइव्हचा बिट फिलिप्सच्या खाचेत तळापर्यंत उतरतच नाही. आयएसओ ४७५७ या मानकात या दोन खाचांना अनुक्रमे एच आणि झेड अशी अक्षरे आहेत. तिसरा प्रकार जपानी, जेआयएस मानकाचा. जुन्या जपानी मोटारसायकली आणि कॅमेरे यांत तो हमखास असतो. डोक्यावर एका बाजूला एकच बारीक टिंब ही त्याची खूण, मात्र ते प्रत्येक स्क्रूवर असेलच असे नाही. अशा स्क्रूत फिलिप्सचा बिट पूर्ण खोल जात नाही आणि पहिल्या जोरालाच घसरतो. जेआयएसचा बिट मात्र फिलिप्सच्या खाचेतही चांगला चालतो. म्हणून जपानी यंत्रांवर काम करणाऱ्याने हा संच आधी घ्यावा.

प्लसच्या या उणिवा इतर खाचांत नाहीत. पीटर रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास कॅनडात आणलेली चौकोनी खाच बिटला इतकी घट्ट धरते की स्क्रू बिटच्या टोकावर आडवा धरला तरी पडत नाही. तिची मापे रंगाने ओळखतात: शून्य पिवळे, एक हिरवे, दोन लाल, तीन काळे. सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच, बोलीतला ‘स्टार’, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीने विकसित केली. टी या अक्षरापुढचा आकडा मिलिमीटर दाखवत नाही. टी१० खाचेची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी सुमारे २.७ मिमी, तर टी२० ची सुमारे ३.९ मिमी असते. टॉर्क्स प्लस ही तिची सुधारित आवृत्ती. पाकळ्या अधिक चौकोनी. तिच्यात साधा टॉर्क्स बिट सैलसर बसतो, पण त्याने पूर्ण जोर लावता येत नाही.

षटकोनी, म्हणजे ॲलनच्या खाचेत गोंधळ होतो तो मिलिमीटर आणि इंच यांचा. ४ मिमी आणि ५/३२ इंच यांतला फरक जेमतेम ०.०३ मिमी, तो खपून जातो. २.५ मिमीच्या खाचेत ३/३२ इंचाची किल्ली मात्र ०.१ मिमीहून अधिक सैल राहते, आणि एवढ्यानेच कोपरे गोल होतात.

काही खाचा मुद्दाम अपरिचित ठेवलेल्या असतात. टॉर्क्सच्या मधोमध उभी पिन असेल तर टोकाला भोक असलेला बिट लागतो, आणि तोच बिट साध्या टॉर्क्सवरही चालतो. ॲपलने २००९ पासून वापरलेली पाच पाकळ्यांची पेंटालोब खाच घाईत टॉर्क्स समजली जाते, म्हणून पाकळ्या मोजाव्यात. आयफोनच्या तळाच्या स्क्रूंना तिचे ०.८ मिमी माप लागते. निन्टेन्डोच्या अनेक उपकरणांत तीन फाट्यांची वाय खाच असते. त्यांच्या खेळांच्या जुन्या कार्ट्रिजवर तर खाचच नसते: डोकेच उंचावलेले असते आणि ३.८ मिमीचा पोकळ बिट त्यावरून बसवावा लागतो. दोन भोकांच्या स्क्रूला दोन दात असलेला बिट लागतो. एकाच दिशेने फिरणारा, म्हणजे फक्त आवळता येणारा स्क्रू साध्या बिटने सुटत नाही. डोके पक्कडीत धरून किंवा त्यावर नवी चीर पाडून तो काढता येतो.

अनोळखी खाच समोर आली की आधी ती साफ करावी. तळाशी साचलेला रंग किंवा गंज सुईने कोरला नाही तर योग्य बिटही अर्धाच आत जातो आणि चुकीचा ठरवला जातो. मग मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. पाकळ्यांची संख्या, मधली पिन, बाजूची टिंबे किंवा रेघा डोळ्यांना सुटतात, फोटोत सुटत नाहीत. खोल भोकातल्या स्क्रूसाठी काठीच्या टोकाला मऊ मेण लावून दाबले की खाचेचा ठसा मिळतो आणि तो बिटांशी ताडून बघता येतो. माप निवडताना मोठ्याकडून लहानाकडे यावे: तळापर्यंत उतरणारा सर्वांत मोठा बिट हा योग्य बिट. तो हाताने दाबून, जोर न लावता डावी-उजवीकडे हलवावा. स्क्रू न फिरता बिट किंचितही फिरला तर तो बदलावा. ही चाचणी काही सेकंदांची आहे आणि ती कधीच टाळू नये. बिटचे टोकही पाहावे, कारण झिजून चकाकणारा बिट योग्य मापाचा असला तरी नव्या स्क्रूची खाच खातो. बिटचा दांडा सहसा पाव इंची षटकोनी असतो, घड्याळ-मोबाइलच्या संचांत ४ मिमी. त्यामुळे संच घेताना दांड्याचे मापही बघावे.

फिरवताना ताकद जास्त दाबण्यात आणि कमी वळवण्यात लावावी. गंजलेल्या स्क्रूला भेदक, म्हणजे फटीत झिरपणारे तेल देऊन थांबावे. आट्यांना चिकटद्रव्य लावलेले असेल तर आधी ऊब द्यावी. खाच थोडीच घासली असेल तर मध्ये रबराची पट्टी किंवा बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट उपयोगी पडते. गोल झालेल्या ॲलन खाचेत किंचित मोठा टॉर्क्स बिट ठोकून बसवतात. घासलेला स्क्रू परत लावू नये. नव्याचा व्यास, आट्यांचे अंतर आणि लांबी जुन्याएवढीच हवी. मोबाइलमध्ये अर्धा मिलिमीटर जास्त लांब स्क्रूही खालच्या सर्किट बोर्डचे थर भेदू शकतो.