तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीच्या जाहिरातींमधील लिंगभेद

कामाला लागणाऱ्या कौशल्याशी संबंध नसताना जाहिरातीतूनच स्त्री किंवा पुरुष उमेदवाराला उघडपणे वा आडून वगळण्याची प्रथा.

भारतीय उद्योगविश्वातले याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९७४ चे. टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) अभियंता-भरतीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे छापले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्यांची निवड झाली.

मोठ्या कंपन्या आता सहसा असे छापत नाहीत. छोट्या भरतीत मात्र भेद उघड असतो. हार्डवेअर-नेटवर्किंगला ‘फक्त मुले, स्वतःची बाईक आवश्यक’. डेटा एंट्री आणि टेलिकॉलिंगला ‘मुली पाहिजेत’. पण बाईक नसली तरी, अंधेरी असो वा ठाणे, ग्राहकाकडे लोकल-रिक्षाने पोहोचता येतेच. शिवाय नेटवर्किंगच्या कामातून कंपनीची संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्या सिस्टिम अ‍ॅडमिनपर्यंत वाट जाते, टेलिकॉलिंगमधून सहसा जात नाही. म्हणून ‘मुली पाहिजेत’ ही सवलत नव्हे, तोही भेदच. ‘करिअर गॅप चालणार नाही’ ही अट तर बाळंतपणानंतर परतणाऱ्या अनुभवी प्रोग्रामरला नाव न घेता बाहेर काढते.

शब्दांचाही परिणाम होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॉशर, फ्रीसन आणि के यांच्या संशोधनात, वर्चस्व आणि स्पर्धा सुचवणाऱ्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्या. आपल्याला ते काम जमणार नाही, असे मात्र त्यांना वाटले नव्हते. ऑनलाइन जाहिरातींत तर मजकूर निर्दोष असूनही भेद होऊ शकतो. लॅम्ब्रेक्ट आणि टकर यांच्या २०१९ च्या अभ्यासात विज्ञान-तंत्रज्ञानातील करिअरची जाहिरात स्त्रियांना कमी वेळा दिसली, कारण स्त्रियांपर्यंत जाहिरात पोहोचवणे महाग पडत होते.

समान कामासाठी भरती करताना स्त्रियांशी भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली; ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली आणि बढतीतल्या भेदभावालाही बंदी आहे. स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर त्या कायद्याने रात्रपाळीलाही परवानगी दिली आहे. त्यामुळे सपोर्टच्या, म्हणजे ग्राहकांना तांत्रिक मदत देण्याच्या, नोकरीत ‘नाइट शिफ्ट, म्हणून फक्त पुरुष’ या सबबीला आधार उरत नाही. अगदी लहान आस्थापना मात्र या राज्य कायद्याबाहेर राहतात, आणि बाईकची अट घालणाऱ्या जाहिराती बहुधा त्यांच्याच असतात.